खिडकीच्या पडद्याला बुरशी : दोष कापडाचा की खोलीचा?

पावसाळा सरत आला की पडदे आणि ब्लाइंड्स तयार करणाऱ्या कारागिराच्या दुकानात एक ठराविक गिऱ्हाईक येते. काखेत गुंडाळलेला पडदा असतो, चेहऱ्यावर नाराजी असते. पडदा उलगडला की खालच्या पट्टीवर मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. "चांगला माल म्हणून दिलात आणि वर्षसुद्धा टिकला नाही," हे वाक्य ऐकावे लागते. कारागीर बिचारा कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याला दोष देतो, व्यापारी गिरणीला दोष देतो. शेवटी गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कारागीर पदरचे पैसे घालून नवा पडदा करून देतो आणि तो त्याच खिडकीला लावतो. पुढच्या वर्षी तेच ठिपके, तेच गिऱ्हाईक.

या व्यवहारात कापडाचा दोष क्वचितच असतो. दोष असतो खोलीतल्या ओलीचा. आणि ती खोली कारागिराने माप घेताना डोळ्यांनी पाहिलेली असते, पण खिडकीची लांबी-रुंदी सोडून दुसरे काही पाहिलेले नसते.

कोरड्या मुलखात ओल कुठून?

बुरशी म्हटले की कोकण किंवा मुंबई आठवते. पण पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्टेशनांच्या मध्ये असलेल्या खुटबावसारख्या गावाचा विचार करा. दौंड तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, ऊन कडक. अशा ठिकाणी पडद्याला बुरशी लागावी हे प्रथम पटत नाही.

पण हा कालव्याचा आणि उसाचा टापू आहे. खडकवासल्याच्या पाण्याने दौंड तालुक्याच्या या भागात बागायत आली, ऊस आला, गुऱ्हाळे आली, आणि त्यांच्याबरोबर सिमेंटची घरे आली. उसाच्या फडाला लागून बंगला असेल तर हिवाळ्याच्या पहाटे तिथली हवा गावठाणापेक्षा गार आणि दमट असते. तरीही बाहेरच्या ओलीपेक्षा घरातली ओल जास्त त्रास देते. जुन्या धाब्याच्या घरात माळवदाला सवणे असे, त्यातून चुलीचा धूर आणि वाफ वर निघून जाई. आता वर स्लॅब आहे, खिडकीला सरकत्या काचा आहेत, आणि न्हाणीघर झोपण्याच्या खोलीला चिकटलेले आहे. स्वयंपाक, आंघोळीचे गरम पाणी, घरात वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास मिळून रोज काही लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सुटते. ते बाहेर गेले नाही तर कुठे तरी बसणारच.

ते बसते सर्वांत गार जागी. याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. हीच हवा २० अंशांवर आली की तिची ताकद सुमारे १७ ग्रॅमवर येते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या उबदार हवेत २० ग्रॅम वाफ असेल आणि ती पहाटेच्या गार काचेला टेकली, तर प्रत्येक घनमीटरमागे तीन ग्रॅम पाणी काचेवर दव होऊन उतरते. काचेला चिकटून पडदा असेल तर तो हे पाणी पितो. दव दिसलेच पाहिजे असेही नाही. पृष्ठभागाजवळच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली तरी बुरशीला पुरते. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर तिला सहसा डोके वर काढता येत नाही.

आपल्या भागात म्हणून बुरशीचे दोन हंगाम होतात. एक पावसाळ्याचा, त्यातही सप्टेंबरचा. दुसरा नोव्हेंबर ते जानेवारीचा, जेव्हा थंडीमुळे घरे बंद असतात. उत्तरेकडच्या खिडकीला या दुसऱ्या हंगामात थेट ऊन मिळतच नाही, म्हणून तिथला पडदा आधी जातो. कूलर लावणाऱ्यांसाठी उन्हाळासुद्धा तिसरा हंगाम ठरू शकतो. पाण्याचा कूलर हवेत ओल सोडूनच गारवा देतो, त्यामुळे समोरची खिडकी उघडी नसेल तर खोली गार होण्याऐवजी नुसती चिकट होते आणि पडदे सादळतात.

बुरशीचे बी बाहेरून आणावे लागत नाही, ते हवेत सगळीकडे असते. पेनिसिलिन देणारी बुरशी याच कुळातली. पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात ती मुद्दाम टाक्यांत वाढवली जात असे. तिथे तिला खाद्य, ओल आणि ऊब माणसे पुरवीत. आपल्या पडद्यावर तेच सगळे फुकट मिळते: धूळ, तेलकट वाफ आणि कापडाची खळ हे खाद्य, काचेवरचे दव ही ओल. एक-दोन दिवस सलग ओल राहिली की काम सुरू होते. यांपैकी ऊब आणि बी आपल्या हातात नाहीत. खाद्य थोडेफार कमी करता येते. ओल मात्र तोडता येते, आणि खरा इलाज तोच आहे.

माप घेण्याआधी

खिडकीला टेप लावण्याआधी पाच मिनिटे खोली पाहावी. खिडकीच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे आहेत का, छताच्या कडेला काळसर झाक आहे का, न्हाणीघराचे दार कुठे उघडते, वाफ बाहेर टाकणारा पंखा आहे का, कपडे कुठे वाळतात, हे पाहून आणि विचारून घ्यावे.

ओल भिंतीतून येते की हवेतून, याची एक सोपी परीक्षा आहे. खिडकीशेजारच्या भिंतीवर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. मग पाहावे. कागदाच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर भिंत झिरपते आहे. तिथे गवंड्याचे काम आधी, पडदेवाल्याचे नंतर. खोलीच्या बाजूला ओल असेल तर खोलीच्या हवेत वाफ जास्त आहे. ही परीक्षा गिऱ्हाइकालाच करायला सांगावी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ते वाद घालत नाही. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्रही आता काही शे रुपयांत मिळते. नियमित काम करणाऱ्या कारागिराने एक जवळ ठेवावे.

आपल्या घरांतला पडदा

आपल्या घरांत पडदा नुसता शोभेचा नसतो, हे या धंद्यातल्या बांधवांना सांगायला नको. खिडकी रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याच्या अंगणाकडे असेल तर पडदा दिवसभर सोडलेला असतो, आणि पुष्कळदा काचसुद्धा लोटलेली असते. "सकाळी पडदा वर करून खिडकी उघडा" हा सल्ला देणे सोपे आहे, पण ज्या घरातल्या आया-बहिणी त्याच खोलीत काम करतात तिथे तो पाळला जाणार नाही. मग ओल साठते, बुरशी येते, लहान मुलांना खोकला लागतो, दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. पर्दाही राहावा आणि हवाही खेळावी, असा माल सुचवणे हे कारागिराचेच काम आहे. माझ्या मते आपल्या कारागिरांना इथे इतरांपेक्षा चांगली संधी आहे, कारण ही गरज त्यांना घरूनच माहीत असते.

पहिला उपाय म्हणजे एका खिडकीला एकच मोठा पडदा न देता दोन भाग करणे. खालचा भाग उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका, आणि तो कायम बंद. वरचा फूट-दीड फूट भाग वेगळा, दिवसा उघडा. वाफ गरम असल्यामुळे वर चढते, म्हणून वरची फट खालच्या फटीपेक्षा जास्त उपयोगी पडते. वर झडपांचे व्हेंटिलेटर असेल तर ते पडद्याने झाकू नये. खालच्या काचेला दुधी फिल्म लावली तर खालचा पडदाही अधूनमधून वर करता येतो. मात्र फिल्म लावल्याने काचेवरचे दव थांबत नाही, हेही सांगावे.

दुसरा उपाय आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड. यात पट्टी कोणत्या बाजूला कलती ठेवायची हे गिऱ्हाइकाला कोणी समजावत नाही. रस्ता खिडकीच्या पातळीला किंवा खाली असेल तर पट्टीची बाहेरची कड वर आणि आतली कड खाली ठेवावी. रस्त्यावरच्या माणसाची नजर पट्टीलाच अडते, आणि उजेड-हवा फटींतून येत राहते. समोर शेजाऱ्याची उंच गच्ची असेल तर उलट, बाहेरची कड खाली. रात्री घरात दिवा असताना मात्र पट्ट्या पूर्ण मिटाव्यात.

मशिदीच्या वजूखान्याला लागून असलेल्या खिडक्या आणि मदरशातल्या मुलांच्या राहण्याच्या खोल्या यांनाही हाच नियम. तिथे जाड सुती पडदे लावले जातात. ते रोज शिंतोड्यांनी आणि वाफेने भिजतात आणि वर्षभरात काळे पडतात. तिथे धुता येणाऱ्या पीव्हीसी पट्ट्या द्याव्यात, त्याही जमिनीपासून चांगल्या वर थांबणाऱ्या.

बांबूची चिक

चिकाचे पडदे पुन्हा चालू लागले आहेत, हॉटेले आणि शेतावरची घरे यांना ते आवडतात. पण बुरशीच्या बाबतीत बांबू हा सर्वांत नाजूक माल. बांबूत पिठूळ अंश आणि साखर असते. बुरशीलाही ते आवडते आणि भुंग्यालाही. कोवळा किंवा पुरता न वाळलेला बांबू फोडून चिक विणली, तर पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर पांढरी-हिरवी भुरी चढते. विणणाऱ्याने कितीही सफाईने काम केलेले असो.

जुने लोक बांबू तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात टाकून ठेवीत, त्यामागे हेच शास्त्र होते. आतले पिठूळ द्रव्य पाण्यात निघून जाते. आता त्याच्या जोडीला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी वापरतात: तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक ॲसिड, आणि दोन्ही मिळून वजनाने पाण्याच्या पाच टक्के. फोडलेल्या काड्या यात बुडवून ठेवाव्यात आणि मग सावलीत पूर्ण सुकवाव्यात. हातमोजे घालावेत, हे पाणी मुले-जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. हे औषध पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पावसात धुऊन जाते. म्हणून घराच्या आतल्या चिकेला ते पुरते, व्हरांड्यातल्या चिकेला वरून वॉर्निश हवेच. वॉर्निश दोन्ही बाजूंना द्यावे. काड्यांची कापलेली टोके विसरू नयेत, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते. काही जण चमक यावी म्हणून जवसाचे कच्चे तेल चोळतात. ते करू नये, कच्चे तेल बुरशीचे खाद्यच आहे.

पुण्याच्या बुरूड आळीतून तयार चिक आणून विकणाऱ्या दुकानदाराला ही सगळी प्रक्रिया करता येणार नाही. त्याने निदान माल घेताना चिक उलगडून वास घ्यावा, काड्या हाताला गार लागतात का पाहावे, आणि आतल्या गुंडाळीवर भुरकट पावडर आहे का हे तपासावे. बाहेरून सुबक दिसणारी गुंडाळी आतून सादळलेली असू शकते.

इथे एक गोष्ट आठवते. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली, सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली ही हदीस व्यापाऱ्यांना परिचित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. पावसाने माल भिजला हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता, ओल राशीच्या पोटात राहिली हा होता. चिकेची गुंडाळी आणि धान्याची रास यांत या बाबतीत फरक नाही. खरेदीदाराला न दाखवलेल्या दोषाचा माल परत करण्याचा हक्क शरीअतनेही दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

कापड, दोरी आणि पाइप

सुती कापडाला गिरणीत खळ दिलेली असते. ती धुऊन काढली नाही तर बुरशीला तयार जेवण मिळते. म्हणून सुती पडदा शिवण्याआधी कापड एकदा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. आटणे आधीच होऊन जाते, हा दुसरा फायदा. पॉलिस्टर स्वतः कुजत नाही, पण त्यावरची धूळ आणि स्वयंपाकाचा तेलकट थर यांवर बुरशी बसते. "हे कापड सिंथेटिक आहे, याला काही होत नाही," असे सांगून विकणारा पुढे अडचणीत येतो. बुरशीरोधक फिनिशचेही तसेच. त्याचा उपयोग होतो, पण धुण्यागणिक तो कमी होत जातो.

अनेकदा कापड चांगले असते आणि दोरी घात करते. पॉलिस्टरच्या ब्लाइंडला सुती दोरी ओवली की आधी दोरी काळी पडते, मग तिच्याभोवतीचे कापड. नायलॉन किंवा पॉलिस्टरची दोरीच वापरावी. खालच्या पट्टीत वजनासाठी लोखंडी पाइप घातला तर गंजाचे डाग येतात, आणि गिऱ्हाईक त्यालाही बुरशीच म्हणते. अॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा पाइप घालावा. खालची मुडप जाड नको, आणि तिची दोन्ही टोके शिवून बंद करू नयेत, आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट हवी. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराला शक्यतो कापड देऊच नये. पीव्हीसी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या द्याव्यात, त्या पुसता येतात.

लावताना पडदा काचेपासून दोन-तीन इंच पुढे आणि खिडकीच्या ओट्यापासून इंचभर वर राहील असे पाहावे, म्हणजे मागून हवा फिरते. सुबक दिसते म्हणून चौकटीत घट्ट बसवलेले ब्लाइंड दमट खोलीत लवकर खराब होते. ओला किंवा सादळलेला पडदा कधीही गुंडाळून वर करू नये, आधी सोडून वाळू द्यावा.

लागलेली बुरशी काढताना

पडदा काढून घराबाहेर न्यावा. घरात झटकला तर बी सगळीकडे पसरते. नाका-तोंडावर मास्क लावावा. आधी किंचित ओलसर फडक्याने पुसावे, म्हणजे पावडर उडत नाही. धुता येणारे कापड गरम साबणाच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. पांढऱ्या पीव्हीसी पट्टीला पाच लिटर पाण्यात फार तर एक कप ब्लीच चालते, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. अॅल्युमिनियमला ब्लीच लावू नये, रंग आणि धातू दोन्ही खराब होतात, तिथे साबणाचे पाणी आणि कोरडे फडके पुरे. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले द्रव कदापि मिसळू नये. विषारी वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चिकेवर पाणी ओतू नये, पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच उन्हात टांगावी.

बुरशी गेली तरी डाग राहू शकतो, हे काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे. "नव्यासारखा करून देतो" म्हणून पैसे घेतले की पुन्हा भांडण.

दुकान आणि बिल

पत्र्याच्या गोदामात कापडाचे तागे भिंतीला आणि फरशीला टेकवून ठेवू नयेत. खाली फळ्या, भिंतीपासून अर्धा फूट अंतर. पावसाळ्यात आलेला माल पॉलिथीनसकट तसाच रचून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, आतली ओल तिथेच अडकते. उघडावा, दोन दिवस पंख्याखाली ठेवावा, मगच पुन्हा झाकावा. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी ठीक आहेत, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये.

बिलावर नुसते "पडदा, ४ बाय ५" असे लिहू नये. कोणत्या खोलीसाठी, कोणते कापड, दोरी कशाची, आणि खोलीत ओल आढळली असेल तर तसे एका ओळीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. हमी द्यायची ती दोरी-चाकाच्या यंत्रणेची आणि शिवणीची द्यावी. "बुरशी लागणारच नाही" अशी पाटी दुकानावर लावू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि फसव्या जाहिरातीबद्दल त्यात दंडाची तरतूद आहे. ओल असलेल्या खोलीला महाग कापडी ब्लाइंड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वस्त पीव्हीसी सुचवले तर त्या दिवशी बिल कमी होते. पण तेच गिऱ्हाईक दिवाळीच्या तोंडावर जुना पडदा काखेत घेऊन येण्याऐवजी शेजाऱ्याला घेऊन येते.

ज्यांना जमेल त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाळा संपल्यावर आणि थंडी सुरू होण्याआधी, वर्षभरात लावलेल्या दमट खोल्यांची एक फेरी मारावी. खालची मुडप उलटून पाहावी, दोरीला हात लावावा, वरच्या पट्टीमागे बॅटरीचा उजेड टाकावा. ठिपका दिसलाच तर तो त्या वेळी फडक्याने पुसून निघतो. डिसेंबरपर्यंत तो कापडाच्या आत गेलेला असतो.